अण्णांचा शिल्लक रंग

उमरी (जि. नांदेड),
दसऱ्यानंतरचा शनिवार

आदरणीय दाजी,

उमरीहून आपल्या मेहुण्याचा, म्हणजे भारतचा, वाकून नमस्कार. आपण, अयोध्याताई आणि मुलं लातुरात सुखरूप असाल असं धरून चालतो. गुडघा कसा आहे? मागच्या वेळी आपण जिना उतरताना पायरीगणिक जे देवाचं नाव घेत होतात, ते ऐकून ताईला वाटलं की आपण निवृत्तीनंतर भक्तिमार्गाला लागलात. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. ताईच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर चालू असतील. इकडे शिल्पा बरी आहे, मुलगी नांदेडला होस्टेलात बरी आहे, म्हैस बरी आहे. मी बरा नाही, पण ते पुढे येईलच.

फोन करायचा सोडून पत्र का लिहिलं, असं आपल्या मनात आलं असेल. दाजी, राग मानू नका, पण आपल्या घरी फोन आला की तो स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवायची पद्धत आहे. मग सगळं घर एकदम बोलतं आणि आमची आई कोपऱ्यातल्या दिवाणावर पडल्या पडल्या सगळं ऐकते. (झोपल्यासारखी दिसते तेव्हा जास्त ऐकते. हा माझा लहानपणापासूनचा अनुभव आहे.) व्हॉट्सॲपवर लिहावं तर आपला फोन दिवसभर भाच्याच्या हातात. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथल्या माणसाने मला आधी विचारलं की कोर्टाची भानगड आहे का. तेव्हा हे पत्र एकट्याने वाचा. आईला वाचून दाखवू नका. ताईला सांगायचं की नाही ते आपण ठरवा, फक्त ताईला सांगितलं म्हणजे आईला सांगितलंच, हे लक्षात असू द्या.

काम तसं छोटं आहे. लातुरात घरातला उरलेला ऑइलपेंट घेऊन त्याची रीतसर विल्हेवाट लावणारं कोणी आहे का, एवढी चौकशी करायची आहे. डबा एकच आहे. पण त्या एका डब्यापायी माझी आई स्वतःच्या घरात पाय ठेवायला तयार नाही, आणि दिवाळीच्या आधी अण्णांचं वर्षश्राद्ध आलं आहे. ज्या घरात ती लग्न होऊन आली त्या घरात तिच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध तिच्यावाचून व्हावं, हे मला सहन होणार नाही. हे मी आपल्याला सरळच सांगतो, कारण बाकीचं पत्र काही सरळ नाही.

आमच्या अण्णांना रंग टाकून देणं कधी जमलं नाही. आपल्या लग्नात मांडवाच्या खांबांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं एकाच रंगाचं होतं, आणि आपल्या काकांनी हा कोणता रंग म्हणून विचारलं होतं, ते आठवत असेल. त्या रंगाला नाव नव्हतं. दर वर्षी दिवाळीच्या आधी अण्णा जिन्याखालचे सगळे अर्धेमुर्धे डबे बाहेर काढायचे, सुरीने झाकणं उचकटायचे, वरची साय काढायचे आणि खालचा रंग एका मोठ्या डब्यात ओतून लिंबाच्या काठीने ढवळायचे. (ऑइलपेंटात ऑइलपेंटच. पाण्याचा रंग त्यात मिसळणाऱ्या माणसाला ते अडाणी म्हणत.) ढवळून जो रंग तयार होईल तो त्या वर्षी घरातल्या एका भिंतीला. पुढे गल्लीला हे कळलं आणि लोक आपापलं उरलेलं आणून द्यायला लागले. शेजारच्या बजरंगच्या दाराचा रंग, मारुतीच्या देवळाच्या कठड्याचा, शाळेच्या बाकांचा, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानाच्या फळ्यांचा. तो शिंपी गेला, दुकान गेलं, त्या फळ्यांचा रंग मात्र आमच्या डब्यात राहिला. अण्णा ढवळताना कधी कधी म्हणत, गल्ली एका जागी आणून राहिलो. आम्ही हसायचो.

गेल्या वर्षी जो रंग तयार झाला तो मला अजून नीट सांगता येत नाही. सकाळी पाहिला तर तळ्याच्या पाण्यासारखा, दुपारी राखेसारखा. दिवेलागणीला त्या भिंतीकडे पाहिलं की तिथे भिंत नसून आत जायला वाट आहे असं वाटायचं. मधल्या खोलीची भिंत त्यांनी रंगवायला घेतली. दुनिया वरून खाली रंगवत येते, अण्णा खालून वर. ओघळ येतात म्हणून सगळे रंगारी त्यांना हसत, पण त्यांचं म्हणणं असं की घर खालून बांधतात, मग रंगवायचं वरून का? त्या दिवशी हात वर न ताणता पोचेल तिथवर, म्हणजे अर्ध्या भिंतीपर्यंत, त्यांनी रंग मारला, ब्रश डब्यात उभा ठेवला आणि आईला म्हणाले की वरचं उद्या स्टूल घेऊन करतो. मग हात धुतले, चहा घेतला, आडवे झाले आणि उठले नाहीत. पुढचं आपण पाहिलंच आहे. आपणच तिरडीला पुढे होतात.

तेराव्यानंतर मी ती भिंत पुरी करायला ब्रश घेतला तर आईने माझा हात धरला. त्या वेळी ती जे बोलली ते ताईने आपल्याला अर्धंच सांगितलं असेल, म्हणून पुरं लिहितो. ती म्हणाली, "त्यांनी सोताच्या तोंडानं उद्या म्हणलंय. रंग शिल्लक हाय तवर काम शिल्लक हाय. दुसऱ्या कुणाचा हात त्या भिंतीला लागू द्यायचा न्हाई." मी म्हटलं, मग भिंत अर्धीच ठेवायची का? तर म्हणाली, अर्धी भिंत तिला बघवत नाही. आता ह्यातून वाट कशी काढायची ते सांगा. अण्णांशिवाय कोणी करायचं नाही, आणि झाल्याशिवाय ती त्या घरात बसणार नाही. संक्रांतीपर्यंत तिने कसंबसं काढलं. दुपारी मधल्या खोलीतून ब्रश फिरल्याचा आवाज येतो असं म्हणायला लागली, आणि मग ताईबरोबर लातूरला गेली ती गेलीच.

मी विज्ञानाचा मास्तर. मी असा विचार केला की आईचा मुद्दा रंग शिल्लक असण्याचा आहे ना? मग रंग संपवून टाकू. डबा घरातून गेला की काम शिल्लक नाही, अण्णा मोकळे, आई मोकळी, आणि मग ती सगळी भिंत नव्याने पांढरी केली तर अर्धी-पुरी हा प्रश्नच उरत नाही. ह्या युक्तीवर मी इतका खूष झालो की शिल्पाला दोनदा सांगितली. ती म्हणाली, मामंजींनी रंग भिंतीसाठी ठेवला होता, फेकून कसा संपेल? बायकांना तर्कशास्त्र शिकवत नाहीत, त्याचा हा परिणाम, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

श्रावणात सुरुवात केली. पहिल्यांदा डबा घंटागाडीवर नेला. गाडीवरची बाई म्हणाली की असा पातळ रंग ओल्या कचऱ्यात चालत नाही, सुक्यातही नाही, आणि गटारात ओतला तर दंड होईल, कारण गटारातलं सगळं नाल्यातून शेवटी नदीला जातं. मी नगरपरिषदेत विचारायला गेलो. तिथल्या साहेबांनी फार व्यवस्थित समजावलं. वापरण्याजोगा असेल तर वापरणाऱ्याला द्या. नसेल तर लाकडाचा भुसा किंवा वाळू मिसळून उघड्या हवेवर पार कडक होईपर्यंत वाळवा, जाळू नका, आणि मग वेगळा बांधून घातक कचरा म्हणून आणून द्या. हे मी पुढे वर्गात फळ्यावर लिहूनसुद्धा दिलं. आपल्याकडे माणसं ऑइलपेंट कुठे कुठे ओततात ते ऐकाल तर पाणी प्यायचं सोडाल.

मग वापरणारा शोधायला रंगाच्या दुकानात गेलो, महादेवप्पांकडे. (आपल्या ओळखीचेच. ताईच्या लग्नात पंगतीत बुंदी वाढत होते ते.) त्यांच्याकडे आता रंग ओळखायचं मशीन आलंय. रंगाचा ठिपका त्याच्यापुढे धरला की स्क्रीनवर नाव येतं. त्यांनी पुठ्ठ्यावर ठिपका दिला. मशीन म्हणालं, मोरपंखी. महादेवप्पांनी डोळे बारीक करून पुन्हा धरला, तर हस्तिदंती. तिसऱ्यांदा मशीन नुसतं गुरगुरत राहिलं. त्यांनी बटण बंद केलं आणि डब्यातला ब्रश उचलून अंगठ्याने त्याचे केस दाबून पाहिले. मग मला विचारलं, हा कधीचा? मी सांगितलं, गेल्या दिवाळीपासून तसाच आहे, अण्णांनी ठेवला तसा. त्यांनी ब्रश पुन्हा डब्यात उभा केला. मग म्हणाले, "मास्तर, वरीसभर ठिवलेला ब्रश दगड होतो. ह्यो तर आज सकाळी वापरल्यावानी मऊ हाय." आणि डबा त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला. दुकानाच्या पायऱ्या उतरलो तोवर त्यांनी त्या पुठ्ठ्याला काडी लावली होती. (रंग जाळू नका, असं मी ओरडून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.)

तोवर पोळा आला. आपल्याला माहीत आहे, गल्लीत ज्याच्याकडे ऑइलपेंट उरला असेल त्याचा तो पोळ्याला बैलांच्या शिंगांवर संपतो. गुरांचे डॉक्टर शिंगांना ऑइलपेंट लावू नका म्हणतात, मीही वर्गात तेच सांगतो, पण त्या दिवशी डॉक्टर आणि मास्तर ह्या दोघांचंही कोणी ऐकत नाही. मीही माझं ऐकलं नाही. डबा बजरंगला दिला. त्याने शिंगं रंगवली, वर बेगड लावली, झुली घातल्या आणि जोडी वाजतगाजत मारुतीकडे निघाली. आमच्या दारावरून जाताना दोन्ही बैल थांबले. बजरंगने कासरा ओढला, हलगीवाल्यांनी हलगी बडवली, कोणी शेपटी पिळली. बैलांनी मान वळवली, आमच्या ओट्यावर पाय दिला आणि दार ओलांडून आत शिरले. शिल्पाच्या हातात औक्षणाचं ताट होतं, ती ताटासकट भिंतीला चिकटली. दोघे बैल एकामागून एक मधल्या खोलीत गेले आणि त्या अर्ध्या भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. माना खाली, शिंगांची टोकं भिंतीला जेमतेम टेकलेली. एरवी ही जोडी उभ्या उभ्या एकमेकांना ढुशा देते. त्या दिवशी ती शेपूटही हलवीना. बाहेर हलगी बंद पडली.

बजरंगने तिथेच शिंगांवरून थिनरचं फडकं फिरवलं, तेव्हा बैल आपल्या पायांनी बाहेर आले आणि पुढे गल्लीतल्या पोरांना नेहमीसारखे भ्यायला लागले. दुसऱ्या दिवशी डबा माझ्या ओट्यावर होता. बजरंग दारातूनच बोलला, "रंग तुमच्या अण्णाचा हाय, मास्तर. बैलाला कळलं ते तुमाला कळंना व्हय?" आत येऊन चहा घे म्हटलं तर नको म्हणाला. दाजी, आमच्या घरचा चहा बजरंगने नाकारला, ह्यावरून काय ते समजा. आणि त्याने एवढी शिंगं रंगवली, तरी डब्यातला रंग मी दिला होता तिथल्या तिथे होता.

आता राहिला शास्त्रीय मार्ग. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, गच्चीवर प्लास्टिक अंथरलं, त्यावर भुसा पसरला आणि निम्मा डबा ओतून खुरप्याने कालवला. ऑक्टोबरचं ऊन, उमरीची गच्ची. ह्या उन्हात आमच्याकडे गच्चीवर ठेवलेलं सगळं वाळतं, कुरड्या वाळतात, मिरच्या वाळतात, मला वर थोडा वेळ उभं केलं तर मीही वाळेन. दुसऱ्या दिवशी वर गेलो तर भुसा कोरडा खडखडीत होता. पण पिवळा. वखारीतून आणला तसा कोवळा पिवळा, त्याला रंगाचा डागसुद्धा नाही. मी मूठभर उचलून वास घेतला, तर नुसता लाकडाचा वास. खाली येऊन डब्यात पाहिलं. रंग जिथे होता तिथे होता, वर साय नाही, आणि काठी मधोमध उभी. मी शिल्पाला हे सांगितलं नाही. भुसा पोत्यात भरून वखारीत परत दिला. वखारवाला म्हणाला, न वापरता परत आणणारं पहिलंच गिऱ्हाईक बघितलं.

त्यानंतर एके दिवशी शाळेतून आलो आणि मधल्या खोलीत पाणी पिताना माझं लक्ष भिंतीकडे गेलं. अण्णांनी रंग सोडला होता ती कड माझ्या खांद्याला होती. मला ती पाठ आहे, वर्षभर तिच्याकडे पाहत जेवलोय. ती आता माझ्या कानाला लागली होती. म्हटलं, मनाचे खेळ आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कडेच्या वर पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि शाळेत गेलो. संध्याकाळी रेघ रंगाखाली गेलेली. दुसरी मारली, तीही गेली. ह्या सगळ्या वेळात घराला कुलूप असायचं, कारण शिल्पा अंगणवाडीवर आणि मी शाळेत. शेवटी मला उत्तर सापडलं आणि मी शिल्पाला बसवून सांगितलं की ह्याला केशाकर्षण म्हणतात. भिंतीत सूक्ष्म नळ्या असतात, त्यांतून द्रव वर चढतो, कंदिलाच्या वातीत चढतो तसा. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग भिंतीजवळ जाऊन नखाने काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ब्रशचा केस होता. ओला. म्हणाली, तुमच्या केशाकर्षणाचा केस गळालाय, बघा. त्या दिवसापासून मी तिच्यापुढे विज्ञान काढलेलं नाही.

डबा मात्र खाली जायला लागला होता. भिंत जेवढी वर चढे तेवढाच डबा उतरे, अगदी हिशेबाने. बैलांच्या शिंगांवर जो संपला नाही, भुशात जो मुरला नाही, तो त्या एकाच भिंतीवर संपत होता. मला भीती वाटत होती हे कबूल करतो. पण भीतीपेक्षाही जे वाटत होतं त्याला मला शब्द सापडेना.

काल किरकोळ रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, घरगुती रंगकाम. शिल्पा कामावर गेल्यावर दाराला आतून कडी लावली आणि मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसलो. भिंतीजवळ स्टूल, स्टुलाशेजारी डबा. जेवणाची वेळ उलटली. बाहेर ऊन इतकं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मग लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला, आणि तो थांबल्यावर जी शांतता झाली तिच्यात मला तो आवाज आला. सर्र. थोडं थांबून पुन्हा सर्र. ओला ब्रश चुन्याच्या जुन्या भिंतीवरून फिरतो तसा. ताजा वास आला. मला वर पाहायचं धैर्य झालं नाही, म्हणून मी डब्याकडे पाहत राहिलो. काठी हळूहळू फिरत होती. घाई नाही, काही नाही. आवाज आता वरच्या बाजूला गेला होता, जिथे हात पोचायला स्टुलावर चढावंच लागतं. आणि स्टूल डुगडुगत होतं, दाजी. त्याचा एक पाय आखूड आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आपणही त्यावरून पडला आहात.

मी उठलो आणि स्टूल धरलं. विचार असा काही केलाच नाही. कोणी स्टुलावर चढून काम करत असेल तर माणूस धरतोच. धरल्यावर कळलं की स्टुलावर वजन आहे. पण ते अण्णांचं नव्हतं. अण्णा चढले की ते स्टूल कण्हायचं, हा माणूस हाडापेराने केवढा होता ते तिरडी उचलताना आपल्याला कळलंच होतं. हे वजन हलकं होतं, जेमतेम होतं. तरी मी मान खाली घालूनच म्हणालो, "अण्णा, उजवीकडचा कोपरा राहून राहिला." आवाज थांबला. मग उजवीकडून आला, सर्र. मला रडू आलं. भीतीने नाही. वर्षभर घरात जे अडकून पडलं होतं ते हलायला लागलं, म्हणून आलं. किती वेळ धरून उभा होतो ते सांगता येणार नाही. लाइट आली, पंखा फिरला आणि स्टूल हलकं झालं. वर पाहिलं तर भिंत जवळजवळ पुरी झाली होती. वर उजव्या कोपऱ्यात हातभर जागा तेवढी कोरी. डब्यात तळाला तेवढ्याच जागेपुरता रंग.

तेव्हा दाजी, एवढ्यासाठी ही चौकशी. उरलासुरला रंग आणि तो डबा लातुरात कोणी रीतसर घेत असेल तर मी स्वतः घेऊन येतो. कोपरा कधी होईल ह्याचा नेम नाही आणि वर्षश्राद्ध तोंडावर आलं आहे, म्हणून आता मला हे सगळं लवकर मिटवायचं आहे, म्हणजे येताना आईला बरोबर आणता येईल. आईला पाया पडतो म्हणून सांगा, पण का ते सांगू नका. गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा. थोरांना नमस्कार आणि लहानांच्या पाठीवरून हात फिरवून, लोभ आहे तसाच राहू द्या.

आपला,
भारत

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आज रविवारी सकाळी ताईचा फोन आला (अर्थात स्पीकरवर). ती म्हणते, गेल्या काही दिवसांपासून आई दुपारी जेवून आडवी झाली की दगडासारखी झोपते, हाका मारल्या तरी चहापर्यंत उठत नाही. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक म्हणाले. उठल्यावर उजवा खांदा धरून बसते, मान आखडली म्हणते. आणि आता ताईला आईच्या नखांत रंग दिसला आहे. लातुरात आपल्या अख्ख्या कॉलनीत कुठे रंगकाम चालू नाही, मग हा आला कुठून, असं ती मला विचारत होती. मागून आईचा आवाज आला, "म्या तर निजले व्हते, माय." ताईने फोटो पाठवला आहे. सकाळी पाहिला तेव्हा तळ्याच्या पाण्यासारखा दिसत होता, आत्ता दुपारी पुन्हा उघडला तर राखेसारखा. परवा स्टुलावरचं वजन हलकं का होतं ते मला कळलं. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही असं ती म्हणाली होती, आणि तिने लागू दिला नाही.

तेव्हा वर जी चौकशी लिहिली आहे ती करू नका. रंग घेणाऱ्याची आता गरज नाही. माझी विनंती एवढीच आहे की दोन-तीन दिवस आईला दुपारी कोणी उठवू नका. ताई हाका मारायला लागली तर काहीतरी निमित्त काढून तिला बाजारात न्या, गुडघा दुखला तरी न्या. इकडे कोपरा तेवढा राहिला आहे. मी रजा वाढवली आहे. दुपारी स्टूल धरायला मी आहे.

पुन्हा ता. क. कोपरा झाला की कळवतो, मग आईला घेऊन या. ताईला एवढं सांगा की थिनरने आईची नखं पुसू नको. तशीच येऊ दे.